‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ या २०१२ सालच्या ॲनिमेशनपटावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि न पटलेले मुद्दे स्पष्टपणे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : निम्म्याहून अधिक समीक्षकांनी नाकारलेल्या चित्रपटाची मी तो गाजला म्हणून तरफदारी केली, त्याची कथा ठरीव आहे, विनोद पाचकळ आहेत आणि पडद्यावर दीड तास नुसता धिंगाणा चालतो, त्याच वर्षी आलेल्या ‘पॅरानॉर्मन’ आणि ‘फ्रँकनवीनी’ या चित्रपटांपुढे तो उभाही राहू शकत नाही. शेवटी आपण विचारले आहे की, घरातल्या लहान मुलांना या तिघांपैकी नेमके काय दाखवावे. यातील काही आक्षेप मला मान्य आहेत. धिंगाण्याचा आरोप मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि या उत्तराचा बराचसा भाग त्यासाठीच खर्च होणार आहे.

आधी आकड्यांविषयी. समीक्षकांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर या चित्रपटासमोर दिसणारे ४५च्या आसपासचे टक्के आपण परीक्षेतल्या गुणांसारखे वाचले आहेत. प्रत्यक्षात एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल होती, एवढेच तो आकडा सांगतो. नापसंती किती तीव्र होती, हे त्यातून कळत नाही. ‘बरा आहे, पण मन भरले नाही’ असे लिहिणारा आणि ‘असह्य आहे’ असे लिहिणारा, हे दोघेही तेथे एकाच रकान्यात पडू शकतात. ‘मेटाक्रिटिक’ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाची रीत वेगळी आहे. तेथे प्रत्येक परीक्षणाला गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढतात, आणि त्या हिशेबाने या चित्रपटाला शंभरपैकी ४७ मिळाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की समीक्षकांचा सूर तिरस्काराचा नव्हता, ‘ठीकठाक’ म्हणण्याचा होता, हे लक्षात येते. पुढे ‘गोल्डन ग्लोब’च्या ॲनिमेशनपटांच्या नामांकनांत त्याला जागा मिळाली, ऑस्करच्या नामांकनांत मिळाली नाही. कमाईचा मुद्दा मी लवकर संपवतो : सुमारे ८.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात जवळपास ३६ कोटी डॉलर मिळवले. पण कमाई म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे आपले म्हणणे योग्यच आहे आणि माझ्या युक्तिवादाचा भार मी तिच्यावर टाकलेला नाही.

आता धिंगाण्याकडे वळू. या चित्रपटाचे दिग्दर्शक गेन्डी टार्टाकोव्हस्की यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी त्यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ आणि ‘समुराय जॅक’ या मालिका निर्माण केल्या होत्या, आणि हाताने काढलेल्या चित्रांच्या त्या जगात त्यांची नजर तयार झाली होती. हा प्रकल्प त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याने आधीच अनेक दिग्दर्शक पाहिले होते. कथेतल्या सांधेजोडीच्या ज्या खुणा आपल्याला खटकल्या, त्यांचे एक कारण मला या प्रवासात दिसते. पण पात्रांच्या हालचालींत अशी सांधेजोड शोधूनही सापडत नाही, कारण तेथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हट्ट दिसतो.

त्या काळातले संगणकीय ॲनिमेशन केस, कापड, पाणी आणि प्रकाश जास्तीत जास्त खरे दिसावेत यासाठी झटत होते. पात्राच्या आत जो संगणकीय सांगाडा बसवलेला असतो, त्याच्या मर्यादेत हात-पाय हलवायचे आणि मधल्या चौकटी गुळगुळीत जोडून घ्यायच्या, ही सर्वसाधारण पद्धत होती. टार्टाकोव्हस्की यांनी तो सांगाडा जुमानला नाही. ॲनिमेटरांनी केलेल्या चौकटींवर ते स्वतः रेखाटून दाखवत की जबडा आणखी खाली यायला हवा, पाठीची कमान आणखी ताणायला हवी, डोळे आणखी मोठे व्हायला हवेत. १९४०च्या दशकात अमेरिकन कार्टून-दिग्दर्शक टेक्स ॲव्हरी यांच्या छोट्या कार्टूनपटांत जी मुक्त, ताणलेली, क्षणात आकार बदलणारी शरीरे दिसत, ती त्यांना संगणकात आणायची होती.

म्हणून चित्रपटाचा नायक आणि हॉटेलचा मालक असलेल्या ड्रॅक्युलाचे चालणे पुन्हा एकदा पाहावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. तो बहुधा चालतच नाही. अंगाभोवती झगा लपेटून, पाय न दाखवता, फरशीवरून सरकत जातो; एका जागी ताठ थांबतो; मग बोटांची एकच झटकेदार हालचाल होते आणि तो पुन्हा स्थिर होतो. राग आला की चेहरा क्षणभर लालभडक आणि अक्राळविक्राळ होतो आणि लगेच पूर्वीसारखा सभ्य यजमान आपल्यापुढे उभा राहतो. वेगाच्या मध्ये ठेवलेले हे थांबे नसते, तर मी आपल्याशी सहमत झालो असतो. ते आहेत, आणि विनोद त्यांच्यावरच उभा आहे. संवाद बंद करून हे दृश्य पाहिले, तरी यजमानपणाची घमेंड आणि त्याखाली दडलेली धास्ती दोन्ही कळतात. ॲनिमेशनमध्ये यालाच अभिनय म्हणतात. ज्या परीक्षणांनी पटकथा तपासली आणि वेगाला एका वाक्यात ‘गोंगाट’ म्हणून निकालात काढले, त्यांनी या चित्रपटातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट पाहिलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कथा ठरीव आहे हे खरे. मुलीला जगापासून जपणारा बाप, बाहेरून आलेला तरुण आणि शेवटी बापाला येणारी समज, हा साचा नवा नाही. तरीही त्यात एक धागा असा आहे की जो आपल्या प्रतिक्रियेत अनुल्लेखित राहिला. माणसांच्या जमावाने ड्रॅक्युलाच्या पत्नीला मारले, म्हणून तो माणसांना प्रवेश नसलेले हॉटेल बांधतो. मुलगी मेव्हिस ११८ वर्षांची होते आणि जग पाहायचे म्हणते, तेव्हा तो तिला परवानगी देतो. पण आपल्याच हॉटेलातल्या झोंबी नोकरांना माणसांची सोंगे देऊन एक खोटे गाव उभे करतो आणि तिला घाबरवून परत पाठवतो. एरवी माणसे मुलांना बागुलबुवा दाखवतात, येथे बागुलबुवाच आपल्या मुलीला माणूस दाखवतो. पुढे त्या बाहेरून आलेल्या तरुणाला परत आणण्यासाठी याच बापाला खऱ्या गावात जावे लागते, आणि तेथे राक्षसांच्या उत्सवासाठी जमलेली माणसे राक्षसांची सोंगे घेऊन त्याला वाट करून देतात. खरा जमाव, खोटा जमाव आणि मदत करणारा जमाव, असा हा तीन टप्प्यांचा प्रवास आहे. लहान मुले तो समजावून न सांगता पकडतात, आणि ‘कथा ठरीव आहे’ या आक्षेपाला माझ्या मते एवढे उत्तर पुरेसे आहे.

जेथे मतभेद नाही, ते मुद्दे मी थोडक्यात सांगतो. ममी, अदृश्य माणूस आणि लांडगामानव यांना गमतीपलीकडे काही काम दिलेले नाही, आणि १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या भयपटांतून आलेल्या या पात्रांना तसे वागवणे हा करंटेपणा आहे. शरीरधर्मावरचे विनोद निम्मे कापले असते, तरी काही बिघडले नसते. शेवटचे गाणे तर मला बिलकूल आवडत नाही. विमानातल्या प्रवाशांसमोर, मोहिनी घातलेल्या वैमानिकाच्या तोंडून, स्वतः बाहेर उन्हात भाजत क्षमा मागणाऱ्या बापाचे दृश्य नुकतेच होऊन गेलेले असते, आणि त्याला मुरू न देता लगेच नाचगाण्यावर जाणे ही घाई आहे. तेथे समीक्षक बरोबर होते.

‘पॅरानॉर्मन’ आणि ‘फ्रँकनवीनी’ यांना समीक्षकांनी अधिक उचलून धरले, ते योग्यच झाले. दोन्ही चित्रपट बाहुल्या एकेक चौकट हलवून केलेले आहेत, आणि जुन्या भयपटांवरचे त्यांचे प्रेम चौकटी-चौकटीत दिसते. परंतु ते भयपटाचा रंग राखून मुलांशी बोलतात, तर टार्टाकोव्हस्की भयपटाची पात्रे घेऊन कार्टून करतात. एकाच मोजपट्टीने तिघांना मोजले, तर तिसरा उणा पडणारच, आणि आपल्या तुलनेत माझ्या दृष्टीने नेमके हेच झाले आहे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे. ‘फ्रँकनवीनी’ हा कृष्णधवल चित्रपट लाडक्या कुत्र्याच्या मृत्यूपासून सुरू होतो. ज्या मुलाने घरातला प्राणी नुकताच गमावला असेल, त्याच्याशी आधी बोलून मगच तो दाखवावा. ‘पॅरानॉर्मन’च्या मुळाशी चेटकीण ठरवून मारलेली एक लहान मुलगी आहे, म्हणून नऊ-दहा वर्षांच्या आधी तो दाखवू नये, आणि त्यानंतर मात्र तो जरूर दाखवावा. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी निःशंकपणे ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’च निवडेन. शक्यतो मोठ्यांनी त्याच्याबरोबर बसून पाहावा, कारण खोट्या गावाच्या दृश्यानंतर ‘बाबा खोटं का बोलले?’ हा प्रश्न त्याच्याकडून येण्याची दाट शक्यता आहे.