बस भेटली, विषय संपला

रविवारी सकाळी ब्रेत्सेल (इथला खारा पाव) आणायला खाली उतरलो तेवढ्यात घरच्या ग्रुपवर ४३ मेसेज. वाटलं, कोणी गेलं की काय. तर कोथरूडच्या आतेभावाने 'डोक्यात जाणारे शब्द' अशी यादी टाकलेली: बेसिकली, कसं आहे ना, विषयच नाही, चालतंय की, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'बस भेटली'. खाली मावशीची भर, "'माझी मदत कर' ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते."

मी लिहिलं, चालायचंच, भाषा आहे. लगेच आतेभाऊ: "श्टुटगार्टला बसून बोलायला तुझं काय जातंय?"

हे लागलं. भेटतो तो माणूस आणि मिळते ती वस्तू, हे मलाही शाळेत शिकवलंय. हिंदीतलं 'मिलना' दोन्हीकडे चालतं, तिथून हे आलं असावं. पण ज्या 'मदत'साठी मावशी चिडते ती मुळात अरबी, फारसीचं बोट धरून आपल्याकडे आलेली. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, बाई जागची हललेली नाही. मग एका षष्ठीवरून, 'मला'ऐवजी 'माझी' म्हटलं म्हणून, एवढी आदळआपट कशाला? आणि 'बस भेटली' खटकते ती व्याकरणामुळे, की ती म्हणणारे आपल्यातले वाटत नाहीत म्हणून, हे आतेभावाने छातीवर हात ठेवून सांगावं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला (भेटला नाही), तेव्हापासून त्याचा आवाज जरा जास्तच चढलाय.

इथे जर्मनीत बघा. आमच्या टीमलीडचे 'गेनाऊ' (म्हणजे 'बरोब्बर') मी सोमवारच्या मीटिंगमध्ये मोजले: २० मिनिटांत ३१. अकरा वाजले की कॉरिडॉरमध्ये जो तो 'मालझाइट' (जेवणाच्या वेळचा नमस्कार) करत सुटतो, लिफ्टमध्ये, अगदी संडासाच्या दारातसुद्धा. कोणाच्या कपाळावर आठी नाही. लांगेनशाइट प्रकाशन तर २००८पासून तरुण पोरांच्या तोंडचा 'वर्षाचा शब्द' निवडतं. २०२१ला 'क्रिंज' आला, चक्क इंग्रजी, तरी जर्मन बुडाली म्हणून कोणी ओरडलं नाही. (ओरडले असतील. केरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी दाराला अडकवायला येणाऱ्या खालच्या आजी माझ्या प्रत्येक वाक्यात 'डी नाही, डास' करत शब्दांची लिंगं सुधारतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणखीही एक लिहिलं नाही. गेल्या डिसेंबरात भाचीचा नवा फ्लॅट बघून मी म्हणालो, "सॉलिड!" ती खो खो हसली. "मामा, सॉलिड कोण बोलतं आता?" बोलतं नाही गं, म्हणतं, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. माझी मराठी २००९ची आहे, मी निघालो त्या वर्षीची. त्याच दिवशी कर्वे पुतळ्यापाशी एका रिक्षावाल्याला विचारलं, अप्पा बळवंत चौकात येणार का? "विषयच नाही," म्हणाला. हा येतोय की नाही म्हणतोय, तेच मला कळेना. तो मीटर टाकून बसलेला, मी बाहेर तसाच उभा. शेवटी म्हणाला, "बसा की काका. बाहेरचे का?"

मी डेक्कनला वाढलोय, हे त्याला सांगत बसलो. लकडी पुलापर्यंत सांगत होतो.

मंगळवारी मुलगी शाळेतून आली ती ओरडतच, "बाबा, माझी टोपी भेटली!" चार दिवस घर उलथंपालथं केलं होतं त्या टोपीसाठी. आणि मी, रविवारी ग्रुपवर भाषेचा वकील झालेला माणूस, तिच्या हातातल्या टोपीकडे न बघता म्हणालो, "भेटली नाही. सापडली म्हणायचं."

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं, "गेनाऊ" म्हणाली आणि टोपी घालून फ्रिज उघडायला गेली.