मान्यता पाइपलाइनमध्ये आहे

क्लिनिकल सायकॉलॉजीची पदव्युत्तर संस्था काढायची म्हणताय? जरूर काढा. भाचीच्या पायी अशी एक संस्था मी दोन वर्षं जवळून पाहिली आहे, तेव्हा सल्ला देण्याइतका अधिकार मला आहे. सल्ला फुकट. पैसे मेहुण्यांनी आधीच भरलेत.

जागेचं टेन्शन नको. दोन फ्लॅटमधली भिंत पाडली की कॅम्पस तयार. खाली मिसळीचं दुकान असेल तर कँटीनही आलं.

लोगोत मानसशास्त्राचं चिन्ह असलेलं ते त्रिशूळासारखं ग्रीक अक्षर घाला. आमच्या ताईनं पहिल्या दिवशी त्याला नमस्कार केला होता.

वेबसाइटवर प्राध्यापकांचे बारा फोटो, वर्गात एक मॅडम. त्याही मागच्याच बॅचच्या.

मानसशास्त्रीय चाचण्यांचे मूळ संच घेऊ नका, महाग पडतात. रोर्शाकच्या शाईच्या डागांची दहा कार्डं असतात, त्यातली पाच रंगीत. समोरचा माणूस रंगाला कसा प्रतिसाद देतो, हेही त्या चाचणीत बघायचं असतं म्हणे. असेल. तुम्ही दहाही कार्डांची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि लॅमिनेट करा. भाचीनं मला नववं कार्ड दाखवलं. मूळ कार्डात नारिंगी, हिरवा, गुलाबी असे रंग. हिच्या हातात करपलेला पापड. ‘यात काय दिसतं, मामा?’ म्हणाली. मला साडेचार लाख दिसले.

प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा सराव) म्हणजे वृद्धाश्रमात राख्या बांधणे. फोटो विसरू नका.

शेवटी जी पदवी द्याल तिला ‘मास्टर्स समकक्ष’ म्हणा. कोणत्या कक्षात समकक्ष, असं कुणी विचारत नाही.

आता मान्यता. हा विषय निघाला की चहा मागवा. ‘आरसीआयची मान्यता पाइपलाइनमध्ये आहे,’ एवढंच वाक्य पाठ करा. आरसीआय म्हणजे अशा कोर्सना मान्यता देणारी भारतीय पुनर्वास परिषद. ही पाइपलाइन पुण्याच्या पाण्यासारखी असते. येणार येणार म्हणतात, आपण बादली घेऊन उभे. पालक फारच खोलात शिरले तर ‘यूजीसीनं एम.फिल. बंदच केलंय, आता भविष्य आमच्याच कोर्सला’ असं सांगा. 2022 च्या नियमावलीत एम.फिल. बंद झालं हे खरंच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला पुढे 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली, हे सांगायची सक्ती तुमच्यावर कुठाय? आणि आरसीआयच्या 1992 च्या कायद्याचा तर उच्चारही नको. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव स्पष्ट लिहिलंय. मान्यताप्राप्त शिक्षण आणि केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. केलीत तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार! तुमचा प्रवेशअर्जच पंधराशेला होता. आणि ही कलमं लागणार कुणाला? भिंत पाडून कॅम्पस करणाऱ्याला नाही. बोर्ड लावून बसणाऱ्या पोरीला. म्हणजे ‘क्लिनिकल’ हा शब्द विकून पैसे तुम्ही घ्यायचे आणि तो दारावर लिहिला की गुन्हेगार ती!

गेल्या मंगळवारी एका हॉस्पिटलात तिची मुलाखत होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो. चार मिनिटांत बाहेर आली. आतल्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही, एवढंच विचारलं, ‘आरसीआय नंबर?’ रिक्षात ती पूर्ण रस्ताभर फाइलचं प्लास्टिक नखानं सोलत होती. घरी आल्यावर ताईनं विचारलं, ‘झालं का गं?’ तर म्हणाली, ‘पाइपलाइनमध्ये आहे.’

अहो संस्थाचालक सर, लाज वाटते का हो? मेहुण्यांनी पतपेढीचं कर्ज काढलंय, अजून एकतीस हप्ते बाकी आहेत. मनानं खचलेली माणसं ज्यांच्यापुढे येऊन बसणार, त्यांना तुम्ही झेरॉक्सवर शिकवता? उद्या कुणी आत्महत्येचे विचार घेऊन हिच्यासमोर बसला असता, तर हिनं काय करायचं होतं, राखी बांधायची होती? मी फोन केला तर तुमचं ऑफिस म्हणतं, ‘सर सेमिनारला आहेत.’ गेले अकरा दिवस कसला सेमिनार चाललाय?

तिची बी.ए.ची मूळ गुणपत्रिका ‘व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून तुमच्या कपाटात पडली आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी न्यायला येतोय. कपाटाची किल्ली मॅडमकडे आहे ही सबब सांगू नका, मॅडमनी नोकरी सोडली हे मला माहीत आहे.