लिसाला नेमकं काय झालं होतं?

शनिवारपासून हे मनात घोळतंय. पोस्ट लांबणार आहे, पण लिहितेच.

‘द सिम्प्सन्स’ हे अमेरिकन कार्टून आमच्या कॉलेजच्या दिवसांत स्टार वर्ल्डवर लागायचं. पिवळी माणसं, ढेरपोट्या बाप, व्रात्य पोरगा. बघायचं, हसायचं, विसरायचं. त्यातला एक भाग मात्र तेव्हाही पोटात कुठेतरी टोचला होता. ‘मोनिंग लिसा’ त्याचं नाव. मालिकेच्या पहिल्याच सीझनमधला सहावा भाग, अमेरिकेत ११ फेब्रुवारी १९९० ला पहिल्यांदा दाखवलेला. लिसा त्या घरातली मधली लेक, आठ वर्षांची. १९९० मध्ये मीही आठ वर्षांची होते. माझी लेक आज आठ वर्षांची आहे. परवा शनिवारी रात्री तिला कुशीत घेऊन तो भाग पुन्हा बघितला.

पण आधी डिसेंबरात आमच्या घरी काय झालं ते सांगते.

लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ती समूहनृत्यात, पहिल्या रांगेत. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मागच्या रांगेत टाकलं आणि डायरीत शेरा आला: स्टेप्स चांगल्या करते, पण चेहरा पडलेला असतो, घरी हसण्याचा सराव घ्यावा. आणि मी घेतला! कपाटाच्या आरशासमोर तिला उभी केली आणि म्हटलं, “दात दिसू देत. डोळेपण हसले पाहिजेत. अस्सं.” तिनं ओठ ताणले. नुकत्याच पडलेल्या दाताची खिडकी दिसली. ओठ हसत होते आणि खाली हनुवटी थरथरत होती. मी ती थरथर बघितली. बघूनही म्हटलं, “छान, असंच ठेव.”

त्या दिवसांत तिला काहीतरी होत होतं. काय, ते तिलाही सांगता येत नव्हतं. विचारलं की “काही नाही.” कुणी चिडवलं नव्हतं, मार्क कमी पडले नव्हते, मैत्रिणीशी कट्टी नव्हती. गूळ-तूप-पोळीचा रोल आमच्याकडे कधी डब्यातून परत येत नाही, तो अर्धा परत येत होता. संध्याकाळी खाली खेळायला म्हणून जायची आणि जिन्यातच बसून राहायची. बुटाचा वेल्क्रो काढायचा, लावायचा, पुन्हा काढायचा. खर्र, खर्र. शेजारच्या काकू वर येऊन म्हणाल्या, “अगं, ती एकटीच बसलीये बघ.” आणि मी जिन्याच्या कठड्यावरून ओरडले, “अशी तोंड पाडून काय बसलीस? जा की खेळायला!”

आता लिसाचं सांगते.

लिसा सकाळी उठते तीच उदास. कारण काही नाही. शाळेत संगीताच्या तासाला सगळे देशभक्तीपर गाणं सरळ सुरात वाजवत असतात, आणि हिचा सॅक्सोफोन मध्येच स्वतःचंच काहीतरी आर्त वाजवायला लागतो. सर थांबवतात. ती म्हणते, मी गाडीत राहणाऱ्या बेघर कुटुंबासाठी वाजवतेय, जमीन हिरावून घेतलेल्या शेतकऱ्यासाठी वाजवतेय. सरांचं उत्तर साधारण असं, की ते सगळं ठीक आहे, पण असली माणसं पुढच्या आठवड्यातल्या कार्यक्रमाला येणार नाहीयेत. कार्यक्रमाला येणार पालक! हे ऐकलं आणि मला आमच्या डायरीतला शेरा आठवला. मुलांनी हसायचं, कारण समोर आम्ही बसलेलो असणार, मोबाइल वर धरून.

खेळाच्या तासाला तिच्या अंगावर चेंडू येतात आणि ती हलत नाही, नुसती उभी राहते. घरी चिठ्ठी येते. बाप, होमर, ती वाचतो. त्याला काही कळत नाही, पण तो वाईट माणूस नाही. तो तिला मांडीवर घेऊन घोडा घोडा खेळतो. लिसा विचारते, मी जन्मालाच आले नसते तर काही फरक पडला असता का? जगात एवढं दुःख असताना आपल्याला झोप कशी लागते? याला तो काय बोलणार! तो मांडी आणखी जोरात हलवतो. आपल्याकडचे किती बाबा, आजोबा, मामा असेच. चल आइस्क्रीम खाऊ, चल चक्कर मारून येऊ. माया असतेच त्यात, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

त्याच रात्रीचा एक प्रसंग मला फार आत लागला. लिसा घरात सॅक्सोफोन वाजवत असते, होमर आवाजावरून खेकसतो. तिचे डोळे भरतात. मग तो वरमतो, वाजव गं, म्हणतो. पण ती म्हणते, मी नुसता बोटांचा सराव करते. आणि आवाज न करता नुसत्या कळा दाबत बसते. टक टक टक. कितीतरी घरांत मुलं अशीच बसलेली असतात. त्रास नको म्हणून फुंकर मारायचीच बंद केलेली. आपण म्हणतो, किती शहाणं लेकरू आहे.

मग खिडकीतून लांबून कुणाचं तरी वाजवणं ऐकू येतं आणि ती त्या सुरामागे जाते. पुलावर ब्लीडिंग गम्स मर्फी नावाचा एक म्हातारा कलावंत एकटाच सॅक्सोफोन वाजवत बसलेला असतो. तो तिला ‘उदास होऊ नकोस’ म्हणत नाही. तो तिच्याबरोबर वाजवतो. आई गाडी घेऊन शोधत येते आणि तिला ओढून नेते.

या भागाचा खरा गाभा या आईपाशी आहे, मार्जपाशी. तिला स्वप्न पडतं. स्वप्नात ती लहान आहे आणि तिची आई तिला बजावतेय: दाराबाहेर पडण्याआधी हसरा चेहरा लाव. तुझं हसू जेवढं मोठं, तेवढी तुझी आई चांगली असं लोक समजतात. आणि सकाळी मार्ज शाळेच्या दारात गाडी थांबवून तोच वारसा लिसाच्या हाती देते. वाईट वाटतंय ना, ते खाली ढकल, गुडघ्यांच्याही खाली, पार पायाखाली येईपर्यंत. मग तू सगळ्यांत मिसळशील, तुला पार्ट्यांना बोलावतील, मुलग्यांना तू आवडशील.

लिसा आज्ञाधारक. ती हसते. आणि आईच्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांत काय होतं? मुलं जवळ येतात, पण त्यांना हिच्याकडून गृहपाठ करून हवा असतो. सर बजावतात, कालसारखा स्वतःच्या मनानं वाजवण्याचा प्रकार नको. ती हसत हसत ‘नाही सर’ म्हणते. मार्ज हे गाडीत बसून बघते, तिचा चेहरा बदलतो, आणि ती कर्रकन गाडी वळवते, लेकीला उचलते आणि निघते. गाडीत म्हणते, मी चुकले. तुला उदास व्हायचं असेल तर हो. आम्ही आहोत तुझ्याबरोबर. तुझं उदास होऊन संपेल तेव्हाही आम्ही इथेच असू. तोवर दोघींच्या वाटचं मी हसते.

चुकलेलं पंधरा वर्षांनी, लेकीच्या लग्नात डोळे पुसत कबूल करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ही त्याच सकाळी, त्याच फाटकासमोर कबूल करते. मला या भागात यापेक्षा मोठं काही वाटत नाही.

माझ्या आईचा नियम होता, तिन्हीसांजेला रडायचं नाही, लक्ष्मी घरात येत असते. पाहुणे असताना रडायचं नाही. भरल्या घरात रडायचं नाही. वेळ उरायची कुठली? मी आईवर बरीच वर्षं रागावले होते यावरून. मग एकदा तिच्या सासरचं, साताऱ्याकडच्या वाड्यातलं बोलताना ती सहज म्हणाली, “आम्ही न्हाणीघरात बंबापाशी बसायचो. कुणी विचारलं तर धूर डोळ्यांत गेला म्हणायचं.” अकरा माणसांच्या घरात तिच्या वाट्याला रडायला तेवढीच जागा होती. तिनं मला जे दिलं ते तिला दिलेलंच होतं. मार्जच्या स्वप्नातली आजी मला म्हणूनच खलनायिका वाटत नाही. पण कुणीतरी गाडी वळवायला लागते ना!

या भागातलं दुसरं कथानक लोक नुसतं विनोदी म्हणून सोडून देतात. होमर व्हिडिओ गेमच्या बॉक्सिंगमध्ये मुलाकडून सारखा हरतो. झुरतो, त्याला वाईट स्वप्नं पडतात, शेवटी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाऊन एका पोराकडून डावपेच शिकून येतो. म्हणजे घरात बापही दुखावलेला आहेच. फक्त त्याला कुणी हसरा चेहरा लावायला सांगत नाही. घर हसतं दिसण्याची जबाबदारी बायकोवर आणि लेकीवर. आपल्याकडे काय वेगळं आहे? मुलग्यांना ‘मुलीसारखा रडू नकोस’ आणि मुलींना ‘हसून बोल गं जरा’.

एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगते. आईनं परवानगी दिली आणि लिसाला लगेच हसूच आलं. वीस-बावीस मिनिटांच्या भागाला शेवट लागतो, मान्य. घरात असं होत नाही. आमच्याकडे जानेवारी उजाडला तेव्हा रोल पूर्ण संपायला लागला, आणि तोही एकदम नाही.

आणि सगळंच ‘बसू दे उदास’ म्हणून सोडायचं नसतं. मुलांना डिप्रेशन येऊच शकत नाही असं सत्तरच्या दशकापर्यंत मानसोपचारातलेही बरेच जण मानायचे. येतं. मुलांमध्ये ते रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसतं. दोन आठवडे झाले, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीत लक्ष लागेना, मरणाचं किंवा ‘मी नसते तर’ असं बोलणं आलं, तर डॉक्टरांकडे जायचं. लाजायचं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आम्हीसुद्धा आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून आलो. त्यांनी तिच्याशी निवांत गप्पा मारल्या आणि मला म्हणाले, “रोज एकच प्रश्न विचारणं बंद करा. शेजारी बसा फक्त.” मग मी जिन्यात जाऊन बसायला लागले. पहिले दोन दिवस नुसता वेल्क्रोचा आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी तिनं माझी चप्पल ओढून घेतली आणि तिच्या पट्ट्याशी खेळत बसली.

आरशासमोर उभं केल्याबद्दल मात्र मी तिला काहीच बोलले नव्हते. राहून गेलं म्हणते, पण खरं म्हणजे टाळलं.

शनिवारी भाग संपला. नावं वर सरकत होती. लेक बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आई, तिला नेमकं काय झालं होतं?”

“सांगितलंच नाही त्यांनी.”

“तिलाच माहीत नसेल.” थोडं थांबून, “मलापण माहीत नव्हतं. गॅदरिंगच्या वेळी.”

मी म्हटलं, “आरशासमोर उभं करून तुला हसायला लावलं ना, ते चुकलं माझं. तुझी हनुवटी थरथरत होती. मला दिसलं होतं.”

ती काही बोलली नाही. तिचे गार पडलेले पाय तिनं माझ्या मांडीखाली सरकवले.

“पुढचा लाव,” म्हणाली.