आरती म्हणताय? परवानगी काढलीत का?

‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून आपण बाप्पाला निरोप दिला. तो येईलही लवकर, तुम्ही मात्र तोवर पेटंट-कॉपीराइटची कागदपत्रं तयार ठेवा. घरात टाळ कुटत ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ म्हणायची आणि वर त्याचा व्हिडिओ नातेवाइकांना दाखवायचा, ही गुन्हेगारी वृत्ती आता सोडायला हवी. बडोद्यातल्या समस्त मराठी घरांच्या हितासाठी काही सूचना करते.

झोपाळा जपून वापरा. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत पितळी कड्यांचा झोपाळा असतोच. त्यावर पुढे-मागे झोके घ्यायला हरकत नाही. पण पोरं कड्या ओढून आडवी झुलायला लागली की लगेच खाली उतरवा. अशा आडव्या झोक्याचं पेटंट अमेरिकेत २००२ साली दिलं गेलं होतं, तेही पाच वर्षांच्या मुलाच्या नावावर. वडील पेटंटचे वकील! पुढे फेरतपासणीत ते रद्द झालं म्हणा. पण पहिल्या तपासणीच्या वेळी साहेब कुठे बघत होते, हे विचारायचं नाही.

बोट कापलं तर हळदीचा डबा उघडण्याआधी विचार करा. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरकडे गेलं होतं. ते १९९७ मध्ये रद्द करून घेताना डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे करावे लागले, कारण परदेशातली नुसती वहिवाट अमेरिकेचा तेव्हाचा कायदा मानतच नव्हता. ‘आमची आजी लावायची’ हा पुरावा चालत नाही. आजी छापलेली नसते.

माकडाच्या हाती कॅमेरा देऊ नका. सेल्फी काढणाऱ्या माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही, हे २०१८ साली अमेरिकेच्या अपील कोर्टाला निकालात लिहावं लागलं.

मरायचंच असेल तर नामवंत होऊन मरा. टागोर १९४१ साली गेले. त्यांच्या लेखनावरच्या कॉपीराइटची ५० वर्षांची मुदत संपत आली तेव्हा आपल्या सरकारने मुदतच ६० वर्षांची केली.

आता आरती. आमच्या आत्याने यंदा गौरीच्या दिवशी आरती म्हटली. वय ऐंशीच्या पुढे, ‘रत्नखचित फरा’पर्यंत पोचताना दोनदा श्वास घेते. भाच्याचा टाळ एका मात्रेने मागे, मध्येच आतून कुकरची शिट्टी. पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या मंडळींसाठी व्हिडिओ यूट्यूबवर चढवला. सकाळी उठते तो नोटीस हजर: तुमच्या व्हिडिओत एका म्युझिक कंपनीचं गाणं सापडलं आहे. कुठून कुठवर, तेही मिनिट-सेकंदासकट! आता आत्या तोंड उघडण्याआधी बनियनची जाहिरात लागते आणि तिचे पैसे कंपनीला जातात. आक्षेप घ्या म्हणतात. घेतला. तो आक्षेप जातो कुणाकडे? दावा करणाऱ्याकडेच. उत्तर द्यायला त्याला तीस दिवस. म्हणजे पंचनामा चोराने करायचा, तोही सवडीने! कंपनीचा हक्क असेल तर तो तिच्या रेकॉर्डिंगवर, स्टुडिओत बसवलेल्या तिच्या वाद्यमेळावर. शब्दांवर कसला? आरती रामदासांची, १७ व्या शतकातली. १९५७ चा आपला कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतो. तो रामदासांना लावला असता तरी मुदत नानासाहेब पेशव्यांच्या काळातच संपली असती. त्याच कायद्याचं कलम ३८ सांगतं की गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणजे त्या व्हिडिओतल्या आवाजावर हक्क कुणाचा असेल तर तो आत्याचा. कलम ६० तर बिनबुडाच्या कॉपीराइट धमकीविरुद्ध कोर्टात जायची सोयही देतं. जा की मग कोर्टात! वकिलाच्या पहिल्या फीमध्ये आमचे पुढच्या कित्येक वर्षांचे मोदक होतील.

गप्प बसूनही सुटका नाही बरं का. ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने दहा तासांची निव्वळ खरखर चढवली, तर तिच्यावरही पाच दावे आले.

लग्नाचं काही विचारूच नका. लग्नसमारंभात आणि वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना कायद्यात सूट आहे, २०२३ मध्ये केंद्राने तसं पुन्हा जाहीरही केलं. तरी हॉलवाला आधी ‘लायसन्सचं काय?’ विचारतो.

अरे कंपनीवाल्यांनो, थोडी तरी लाज? तीनशे वर्षं ही आरती लोकांनी तोंडपाठ करून पोरांना शिकवली, कुणी कुणाला बिल लावलं नाही. तुम्ही ती एकदा माइकपुढे म्हणवून घेतलीत आणि घराघरांतले आवाज हुडकायला मशीन सोडलंत. मशीनला चूक कळत नाही म्हणता ना? मग दावा ठोकण्याआधी एका माणसाला ऐकायला बसवा. पगार द्या त्याला, जाहिरातींचे पैसे घेताच आहात. आणि ‘जाऊ दे ना, काढून टाक व्हिडिओ, कशाला वाद’ म्हणणारे आमचे नातेवाईक! कुणी म्हाताऱ्या आईचं भजन काढलं, कुणी मुंजीतली मंगलाष्टकं म्यूट केली. तुम्ही निमूट बटण दाबता म्हणून तर यांचं फावतं. मी काढणार नाही. एक आक्षेप फेटाळला तर दुसरा घेईन. हळदीच्या वेळी कागद आपल्याला दाखवावे लागले होते. या वेळी दावा तुम्ही केलाय, कागद तुम्ही दाखवा. आणि तोवर आत्याच्या तोंडासमोरची ती बनियनची जाहिरात काढा.