पाण्यानं पोटातली आग विझत नाही

कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जेवताना पाणी म्हणजे विष, त्यानं जठराग्नी विझतो आणि अन्न पचायच्या ऐवजी सडतं, मटण तर तीन दिवस पोटात कुजत राहतं, त्या कुजण्यातूनच कोलेस्टेरॉल आणि युरिक ॲसिड तयार होतं, भात आणि मटण एकत्र पचतच नाही. आमच्या ओळखीच्या एक आजी हे वाचल्यापासून दुपारभर पाण्याला शिवत नाहीत आणि पोट साफ होत नाही म्हणून हैराण आहेत. म्हणून हे लिहितोय.

आधी पाणी. जठरात आग नसते, आम्ल असतं, आणि ते एकदा भरून ठेवलेलं नसतं. अन्न येईल तसं जठराचं अस्तर ते सोडत राहतं, दिवसाकाठी दीड-दोन लिटर. पेलाभर पाण्यानं ते पातळ झालं तरी थोड्याच वेळात पुन्हा तीव्र होतं, कारण पाणी घन अन्नाच्या आधी पुढं सरकतं. आणखी एक हिशेब बघा. लहान आतड्यात रोज सुमारे ८ ते ९ लिटर द्रव उतरतो. त्यातलं आपण प्यायलेलं साधारण २ लिटर. बाकी सगळी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस. पचन होतंच मुळी पाण्यात. आणि रविवारी तांबडा-पांढरा वाटीवर वाटी ओढतो, तेव्हा काय पितो आपण? त्यात बहुतेक पाणीच असतं की!

आम्लपित्ताचा त्रास असेल तर भरल्या पोटावर तांब्याभर पाणी एकदम ओतू नये, हे खरं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेही पाळावंच.

आता मटणाचं कुजणं. कुजवतात जिवाणू, आणि जठरातलं आम्ल त्यातल्या बहुतेकांना मारतं. मांसाचं तिथं काय होतं हे माणसानं प्रत्यक्ष पाहिलंय. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली, तो वाचला, पण जठराला बाहेरून भोक राहिलं. विल्यम बोमाँट या डॉक्टरांनी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे त्यातून आत सोडले आणि ठरावीक वेळानं ओढून पाहिले. मांस काही तासांत विरघळत होतं. चरबी जठर रिकामं व्हायचा वेग कमी करते, म्हणून मटणावर पोट जड वाटतं, पण तो मामला तासांचा आहे. पुढं लहान आतड्यात प्रथिनांची अमिनो आम्लं होऊन त्यातली बहुतेक रक्तात जातात. तोंडापासून शौचापर्यंतच्या प्रवासाला एक ते तीन दिवस लागू शकतात, पण त्यातला बराचसा वेळ मोठ्या आतड्यात जातो, आणि तिथं पोचतो तो मुख्यतः भाजी-धान्याचा चोथा.

कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः बनवतं, थोडं अन्नातून येतं. सडण्याशी त्याचा संबंध नाही. युरिक ॲसिड तयार होतं प्युरिन नावाच्या घटकापासून. हे प्युरिन कलेजीत भरपूर असतं, म्हणून गाऊटवाल्यांनी, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यांत साचून सांधे दुखणाऱ्यांनी, कलेजी टाळावी. पण ते युरिक ॲसिड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणजे त्यांना पाणी तोडायला सांगणं अगदी उलटा सल्ला झाला.

भात-मटणाचं उत्तर स्वादुपिंड देतं: पिष्ट, प्रथिनं आणि चरबी तिन्ही पचवणारी विकरं एकाच रसातून येतात. तूरडाळीच्या एका दाण्यातही पिष्ट आणि प्रथिनं एकत्रच असतात.

जेवणासोबतच्या पेयाची काळजी करायचीच असेल तर चहाची करा. मिसळ संपली की लगेच चहा मागवतो आपण. त्यातल्या टॅनिनमुळं मटकीतलं लोह कमी शोषलं जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व मात्र ते शोषायला मदत करतं. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, विशेषतः बायका-मुलींचं, तर मिसळीवर लिंबू पिळा आणि चहा तासाभरानं घ्या.