बंब (आडवा) : १ नग

माझ्या पाकिटात सध्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याची कच्ची पावती आहे आणि तिच्यावर निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात, ‘बंब (आडवा) : १ नग’ असे लिहिलेले आहे. ती वस्तू बंब नाही. हे मी कारखान्याच्या मालकाला, त्याच्या दोन वेल्डरांना, टेम्पोवाल्याला आणि आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनला स्वतंत्रपणे समजावून सांगितले आहे आणि आता येथे सांगतो आहे, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी त्याची लेखी नोंद राहील.

ती वस्तू म्हणजे स्मोकर. मांस थेट विस्तवावर न भाजता ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या उबेत आणि लाकडाच्या धुरात तासन्‌तास ठेवून शिजवण्याची ही अमेरिकी तऱ्हा मला गेल्या दिवाळीत मोबाइलवर दिसली आणि पुढचे तीन महिने मी दुसरे काही पाहिले नाही. नवशिक्याने गोल झाकणाची केटल घ्यावी, असे सगळे जाणकार एकमुखाने सांगतात. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचा गोळा अर्ध्यावर कापून ती बनवली. तिच्यात निखारे एका बाजूला सारले की दुसऱ्या बाजूला धुरी देता येते, आणि ती दोन हातांनी उचलता येते. सगळे सांगतात म्हणूनच मी ती घेतली नाही. भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर आणि विजेवर चालणारे यंत्र वळवाचा पहिला ढग दिसताच वीज जाणाऱ्या गावात निरुपयोगी होते, आणि चिनीमातीच्या अंडाकृती भट्टीला तडा गेला तर ती सांधायची कुठे, हा प्रश्न होता. उरला तो आडवा पिंप, त्याच्या एका अंगाला खाली जोडलेली विस्तवाची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. तयार मिळणारे स्वस्त नग पातळ पत्र्याचे असतात, उष्णता धरत नाहीत आणि फटीफटीतून धूर सोडतात. तेव्हा जाड पत्र्याचा नग बनवूनच घ्यावा, असे मी ठरवले. ज्या उद्यमनगराने ऑइल इंजिने घडवली, त्याला एक पिंप वळवणे काय अवघड?

मालकाला मी म्हणालो, पत्रा सहा मिलिमीटरचा हवा. त्याला कळले नाही. पाव इंच म्हणालो. ‘म्हणजे दोन सूत की हो सर, तसं म्हणा की,’ असे म्हणून त्याने माझा तीन महिन्यांचा अभ्यास दोन शब्दांत गुंडाळून कानामागच्या पेन्सिलीने पत्र्यावर लिहिला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, कारण तापला की त्याचा धूर विषारी असतो, हे माझे वाक्य मात्र विनातक्रार मान्य झाले. त्या दिवशी मान्य झालेले ते माझे शेवटचे वाक्य.

कारण तेथे तात्या होते. तात्या पन्हाळ्याकडचे, गुऱ्हाळावर उभी हयात काढलेले, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल; काहिलीच्या तळाला पडलेली चीर सांधून घ्यायला आले होते आणि त्याच उपड्या काहिलीला पाठ टेकून बसले होते. मी फरशीवर खडूने काढलेली आकृती ते बराच वेळ पाहत होते.

‘मास्तर, बंब आडवा कशापाय घेताय? पानी हालंल की.’

मी म्हणालो की हा बंब नाही, ह्यात मटण शिजते.

‘पान्यात?’

‘पाण्यात नाही. धुरात.’

तात्यांनी टोपी काढली, टाळूवरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. ‘मग जाळ कुटं?’ मी पेटी दाखवली. ‘आन् मटान?’ मी पिंप दाखवला. तात्या उठले, आकृतीजवळ उकिडवे बसले आणि पेटीपासून पिंपापर्यंतचे अंतर त्यांनी वितीने मोजले.

‘म्हंजे जाळ हिकडं आन् धूर तिकडं?’

‘बरोबर.’

‘कोल्लापुरात?’

ज्या शहरात दुचाकीला दुचाकी घासली तरी ‘जाळ अन् धूर संगटच’ काढण्याची भाषा होते, त्या शहरात दोन्ही वेगळे काढण्यासाठी पदरचे पैसे देणारा मी पहिलाच असावा. वेल्डरने मशीन बंद केले, तोंडावरची काच वर केली आणि तो निवांत हसला. तो तासाच्या हिशेबाने माझ्याच कामावर हसत होता, हे मला अजून बोचते.

येथे मी थांबायला हवे होते. पण शिकवण्याची सवय वाईट. अमेरिकेत बैलाच्या छातीचा अख्खा तुकडा बारा-चौदा तास धुरात ठेवतात, असे मी सांगितले. तात्यांनी विचारले, ‘चौदा तास? जनावर म्हातारं हुतं काय?’ मग मी चिवट धाग्यांचे जिलेटिन कसे होते ते सांगितले, आणि मांस साधारण ७० अंशांजवळ आले की त्यातून घामासारखे पाणी सुटत राहते, त्या ओलीने ते गार होत राहते आणि काटा तासन्‌तास जागचा हलत नाही, नवशिके येथेच घाबरून जाळ वाढवतात, हेही सांगितले. हे कळायला मला एक आठवडा लागला होता. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

‘रसाचं तसंच की. पानी सरंस्तवर काहिल हालत न्हाई, किती बी जाळ घाला. सरलं की मग झपाट्यानं चढती. तवा चुलवाणातनं जाळ मागं वढायचा, न्हाईतर गूळ करपला.’

‘तुम्ही तापमान कसं बघता?’ असे मी विचारले, आणि माझ्या पिशवीत दोन सुयांचा डिजिटल थर्मामीटर होता.

‘गार पान्यात थेंब सोडायचा. गोळी वळली की उतरायचं.’

गूळ उतरतो तो साधारण ११५ ते ११८ अंशांना. म्हणजे ज्या आकड्याभोवती मी तीन महिने घिरट्या घालत होतो, तो हा माणूस चिमटीने ओळखत होता. एवढ्यावर ते थांबले असते तर मी त्यांना चहा पाजला असता. पण पुढे त्यांनी ओल्या जळणाचा पांढरा धूर कडू उतरतो आणि हवेला वाट हवी, हे सांगितले, जे मी इंग्रजीत कानांत तारा घालून मध्यरात्री ऐकले होते; आणि शेवटी म्हणाले, ‘आपलं बकरं धा-बारा किलोचं. चौदा तासात त्येचं सरपान हुईल.’ घरी येऊन मी तपासले. बोकडाचा पुढचा फरा दीड किलोच्या आत-बाहेर, चरबी बेताची. पाच-सहा तास पुष्कळ झाले. तात्या बरोबर होते, आणि त्यांच्या बरोबर असण्याचा मला जितका राग आला तितका त्यांच्या चुकण्याचा आला नसता.

खरी चीड मात्र मालकाची. त्या क्षणापासून तो मला विचारेनासा झाला. धुराडे किती उंच, झडप कुठे, पेटीचे दार कोणत्या अंगाला उघडायचे, सगळे तात्यांना. मी पैसे देणारा, मधे उभा, हातात खडू. ह्या गावात सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला काही नवे शिकायचे असेल तर त्याने ते दार लावून शिकावे, कारण उघड्यावर शिकायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाच्या आजोबांनी ते आधीच केलेले असते आणि त्यांनी त्याचे कौतुकही करून घेतलेले नसते. हौस म्हणून हौस करायची सोय राहिलेली नाही. मटण तांबड्या रश्श्यात आणि पांढऱ्या रश्श्यात न बुडवता खाण्याची इच्छा बोलून दाखवली की लोक तब्येतीची चौकशी करतात.

गेल्या शनिवारी नग आला. चरबी निथळून जायला पिंपाच्या तळाशी अर्ध्या इंचाचा वॉल्व्ह हवा, असे मी कागदावर लिहून दिले होते. तेथे पितळेची चकचकीत तोटी बसवलेली होती. धुराडे, दार, तोटी. आता मलाही तो लांबून बंबच दिसतो. शिवाय दोन सुती पत्रा चौरस मीटरला सत्तेचाळीस किलो भरतो आणि हा सगळा ऐवज दीडशे किलोच्या घरात जातो, हा हिशेब मी, अकाउंटन्सी शिकवणारा माणूस, आधी केला नव्हता. तो लिफ्टमध्ये मावला नाही आणि जिन्यावरून न्यायला टेम्पोवाल्याने हात जोडले. त्यामुळे तो गच्चीऐवजी खाली पार्किंगमध्ये, माझ्या स्कूटरच्या जागी उभा आहे. रविवारी मी आतून गोडेतेल पुसून, वाळकी बाभूळ जाळून तीन तास तो तापवला, म्हणजे पत्र्यावर काळा थर धरतो आणि गंज चढत नाही. धूर पातळ आणि निळसर निघाला. तो पाहायला कोणी नव्हते.

सोमवारी सकाळी खाली उतरलो, तर तोटीखाली कोणीतरी बादली लावून ठेवली होती.