दीड हाताचं वावर

राजेहो, वावर मोजल्याशिवाय आपण इसार देत नाही. मग विमानाचं तिकीट काढताना अशी घाई काऊन करता? आधी मोजणी करा. या मोजणीला विमानवाले ‘सीट पिच’ म्हणतात. पुढच्या सीटच्या एका ठिकाणापासून तुमच्या सीटच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर. स्वस्तातल्या विमानात ते 28 ते 30 इंच भरतं, म्हणजे दीड हात आणि वर दोन-चार बोटं. त्यातच सीटची पाठ, गादी आणि तुमचं बूड बसवायचं. उरेल ते गुडघ्यांच्या नावावर. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींत आपण तीन-चार फूट सोडतो. दाटी झाली की हवा खेळत नाही, बोंडं सडतात, असं कृषी सहायक दरवर्षी सांगून जातो. माणसाला बोंडं लागत नसल्यामुळं त्याच्या लागवडीत असं काही पाळावं लागत नाही.

आता जागा वाढवायची कशी? पहिला मार्ग संकटकाळी बाहेर पडण्याचा. एसटीत हे शब्द खिडकीवर वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. विमानात त्या दरवाजाशेजारची सीट मिळाली की पाय सरळ होतात. पैसे जास्तीचे पडतात, पण खरी परीक्षा पुढं आहे. हवाई सुंदरी येऊन विचारते, वेळ पडली तर दरवाजा उघडाल ना? लहान मूल, गरोदर बाई, अंगानं थकलेला माणूस तिथं चालत नाही. एअरबस 320 च्या पंखावरचा हा दरवाजा पंधरा किलोच्या आसपास असतो. कापसाचं गाठोडं उचलणाऱ्याला त्याचं काय! फक्त गुडघ्यांचं नाव काढू नका. गुडघे दुखतात म्हणून ही सीट घ्यायची आणि ते ठणठणीत आहेत असं तोंडभरून सांगायचं, यालाच नियमात बसणं म्हणतात. दोन दरवाजे लागोपाठ असतील तर मागच्या दरवाजाची रांग धरा. पुढच्या रांगेची पाठ मागं झुकत नाही.

सगळ्यात पुढची रांगही चांगली. समोर भिंत, कुणाची पाठ अंगावर येत नाही. फक्त ट्रे सीटच्या हातात बसवलेला असल्यानं सीट अरुंद होते, म्हणजे लांबीत कमावलेलं रुंदीत जातं. पाळणाही तिथंच अडकवतात. लेकरू रडलं तर गाणं म्हणा.

फुकटात जागा हवी असेल तर सीटखाली सामान ठेवू नका, असं जाणकार म्हणतात. त्यांना मावशी नसावी. पुण्याच्या पोरासाठी वरुडची संत्री, तुरीची डाळ आणि ठेच्याची बरणी अशी सात किलोची पिशवी मावशी भरून देते. वरच्या कप्प्यात संत्री दबतील म्हणून ती पुढच्या सीटखाली जाते, आणि तुमचे पाय पिशवीभोवती वेटोळं घालून बसतात.

पण खरा वाद धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा. पुढचा माणूस पाठ मागं टाकतो तेव्हा तो तुमचा धुरा कोरत असतो. अमेरिकेत यावर ‘नी डिफेंडर’ नावाचा प्लास्टिकचा ठोकळा निघाला. ट्रेच्या दांड्यांना लावला की पुढची सीट झुकतच नाही. 2014 मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकानं तो लावला, पुढच्या बाईनं त्याच्यावर पाणी फेकलं आणि विमान शिकागोला उतरवावं लागलं. दोघंही खाली. म्हणजे पाहा, दोन इंचांसाठी विमान थांबवायचं आणि दोघांचंही जाणं राहून जायचं. आमच्याकडं अशा वादात तालुक्याला पंधरा वर्षं चकरा मारतात. शिकागोला एका दिवसात निकाल लागला. तुम्ही मात्र ठोकळा वगैरे आणू नका. कमालीच्या नम्रतेनं गुडघे पुढच्या पाठीत रोवा आणि दर दहा मिनिटांनी ‘माफ करा भाऊ’ म्हणा. तो सरळ बसतो.

माझी स्वतःची तोड मात्र यातली कोणतीच नाही. मागं नागपूर-पुणे विमानात आमचे मोठेबाबा सोबत होते. बसताक्षणी त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी ठोकली.

“मोठेबाबा, पाय खाली घ्या.”

“काऊन? पाय माह्ये हायेत.”

पट्टा लावायला आलेली मुलगी दोन क्षण पाहत राहिली, मग पट्टा मांडीवरूनच लावून गेली. त्यांच्या सीटसमोरची सगळी जमीन पडीक पडली होती. मी हळूच उजवा पाय तिकडं सरकवला. मालकानं हरकत घेतली नाही. वहिवाट लागायला बारा वर्षं लागतात म्हणे. पुण्याला पोचेपर्यंत माझा डावा पायही तिकडंच होता.